मोटरीच्या अंगचा पीळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे. युनियनच्या माणसाने दुसरे काय बोलावयाचे? आम्ही म्हटले, कायद्यावर बोलावयास वकीलमंडळी समर्थ आहेत. आम्हांस विजेच्या मोटरीवर बोलू द्या. चालक जरा बिचकले. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. त्यापुढे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने पदार्थविज्ञानास हात घालावा हे धार्ष्ट्य खरेच. पण ज्या प्रकरणामुळे हा विषय आमच्या गळ्यात पडला ते ऐकलेत, म्हणजे आमचे धार्ष्ट्य तुम्ही पोटात घालाल.

१९९८ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. एका बिडाच्या फाउंड्रीत साच्यांची वाळू मळण्याचे यंत्र होते. कामगार त्यास मिक्सर म्हणतात. घरातल्या मिक्सरशी त्याचे काही नाते नाही. माणूस आत उतरू शकेल एवढे गोल लोखंडी पातेले, त्यात फिरणारी दोन जड चाके आणि वाळू उलथणारे फाळ, आणि हा सारा पसारा गिअरबॉक्समधून फिरवणारी २० अश्वशक्तीची मोटर. वाळू, चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि पाणी हे सारे त्यात मळले जाते. त्या यंत्रावर बावीस वर्षांचा एक मुलगा कामास होता. एके दिवशी भर दुपारी, मिक्सर भरलेला असताना, वीज गेली. वीस मिनिटांनी आली. मुलाने बटण दाबले. मोटर घुमली, पण मिक्सर हलला नाही. फोरमन म्हणाला, पुन्हा दाब. पुन्हा दाबले. तिसऱ्या खेपेस मोटरीतून धूर आला.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती आरोपपत्र आले. यंत्रात प्रमाणाबाहेर वाळू भरून हलगर्जीपणाने मोटर जाळली, सबब नवी वाइंडिंग भरण्याचा खर्च पगारातून का कापू नये? तो खर्च त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता.

संध्याकाळी तो युनियनच्या कचेरीत आला. म्हणाला, "दादा, वाळू रोजच्याइतकीच होती. वीज जायच्या आधी पाच मिनिटं तीच वाळू हीच मोटर फिरवत होती."

आम्हांस त्या वाक्याने गाठले. तीच वाळू, तीच मोटर. वीज जाण्यापूर्वी जिला हे ओझे सहज पेलत होते, तिला वीस मिनिटांनंतर ते हलवेना, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर मोटर मुळात फिरवते कशाने, हे आधी कळावयास हवे होते. ते आम्हांस ठाऊक नव्हते. चौकशीस नऊ दिवस होते.

गावात मोटरी भरून देणारे एक म्हातारे वायरमन होते. आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि म्हटले, काका, ही का जळली ते सांगा. ते म्हणाले, "ही पळते कशी ते आधी बघा. मग का अडली ते तुमचं तुम्हांलाच कळेल." पुढचे आठ दिवस आम्ही त्यांच्या दुकानात बसून काढले. आज जे सांगत आहोत त्यातले पुष्कळसे त्यांचे आहे. चुका असतील त्या आमच्या.

ज्यांच्या घरी जाते होते त्यांनी ते आठवावे. जात्याचा खुंटा कोठे असतो? पाळीच्या कडेला. तो मधल्या खिळीजवळ का बसवला नाही? बसवून पाहा, आणि दळावयास बसा; बोटभर पीठ पडण्याआधी खांदे भरून येतील. जोर तोच लावला तरी तो मध्यापासून जितका दूर लावाल तितके फिरवणे सोपे. नट निघत नसला की मेस्त्री पान्याच्या दांड्यावर पाइप चढवतो, तेही ह्याच कारणाने. लावलेला जोर आणि मध्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार, हेच ते फिरवणारे बळ. कारखान्यात त्यास टॉर्क म्हणतात. मराठीत बोलावयाचे तर आम्ही त्यास पीळ म्हणू. दोरीला असतो तो पीळ, आणि माणसाच्या अंगात असतो तोही पीळच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पीळ म्हणजे अश्वशक्ती नव्हे. अश्वशक्ती ही काम किती झपाट्याने होते त्याचे माप. पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून ती निघते. आमच्या त्या मोटरीच्या पाटीवर लिहिले होते: १५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, २८ अँपिअर, मिनिटास १४६० फेरे. यावरून हिशेब केला तर पूर्ण ओझ्यावर तिच्या दांड्यास ९८ न्यूटन-मीटर पीळ असतो. न्यूटन-मीटर हा शब्द ऐकून घाबरू नका. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास १० किलोचे वजन टांगले, म्हणजे ९८ न्यूटन-मीटर झाले.

दहाच किलो! आम्ही चकित झालो. दहा किलोचा गव्हाचा पिशवा तर आमची आजीदेखील उचलत असे. वायरमनकाका हसून म्हणाले, "उचलेल हो; पण मिनिटाला चौदाशे साठ वेळा गरागरा फिरवेल का?" मोटर थोड्या पिळाने पण फार वेगाने फिरते, आणि गिअरबॉक्स हा वेग देऊन पीळ विकत घेतो. मिक्सर मिनिटास ३० फेरे करत होता, म्हणजे वेग साधारण ४८ पटींनी उतरला. तेवढ्याच पटीने पीळ चढला. दात्यांच्या घर्षणात जाते ते सोडले, तर मीटरभर दांड्याच्या टोकास जवळजवळ ४८० किलो. फुकट काही मिळाले नाही. वेग गेला, पीळ आला.

आता हा पीळ येतो कोठून? विजेच्या तारेत तर दात नाहीत, पट्टा नाही.

१८२० साली कोपनहेगन येथे ओर्स्टेड या प्राध्यापकास दिसले की, तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई वळते. म्हणजे वीज वाहणारी तार स्वतःभोवती चुंबकत्व निर्माण करते. तार जर चुंबकास ढकलत असेल, तर चुंबकानेही तारेस ढकलले पाहिजे. पुढच्याच वर्षी, १८२१ च्या सप्टेंबरात, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे याने पाऱ्याच्या वाटीत उभे चुंबक ठेवून, वरून लोंबती तार पाऱ्यात बुडवली आणि तीतून वीज सोडली. तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालू लागली. विजेने अखंड फिरणारी ती पहिली वस्तू.

या फॅरडेविषयी दोन वाक्ये अधिक बोलण्याचा मोह आवरत नाही. हा लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करीत असताना बांधावयास आलेली पुस्तकेच तो वाचीत असे. १८१२ साली कोणी गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या जाहीर व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने ती ऐकली, टिपणे काढली, आपल्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हीस पाठवून दिले. पुढच्या वर्षी तो त्याचा मदतनीस झाला. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यानंतर तशा माला गावोगाव निघाल्या. श्रोत्यांच्या शेवटच्या रांगेत कोण बसलेले असते हे वक्त्याला कळत नाही, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

असो. तारेवरच्या त्या ढकलण्याचे माप तीन गोष्टींवर ठरते: चुंबकत्व किती दाट, तारेतून वीज किती, आणि चुंबकत्वात तारेची लांबी किती. एक मीटर तार, दहा अँपिअर वीज आणि एक टेस्ला चुंबकत्व घेतले, तर दहा न्यूटन जोर मिळतो, म्हणजे साधारण एक किलोचा रेटा. एका तारेचा एवढा. मग लोखंडी लाटण्याभोवती अशा पुष्कळ तारा बसवल्या की एका बाजूच्या वर ढकलल्या जातात, समोरच्या खाली, आणि लाटणे फिरते. लाटण्याची त्रिज्या हा आपल्या जात्याचा खुंटा. मोटर म्हणजे इतकेच. पुढची सारी हुशारी ही फिरती तार सतत योग्य दिशेने ढकलली जावी यासाठी आहे.

जुन्या मोटरींत ही दिशा सांभाळावयास तांब्याचे खंड आणि कोळशाचे ब्रश असत. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर, आणि तिच्यात अशाच मोटरी होत्या. त्यांत एकच वीज चुंबकातूनही जाई आणि फिरत्या तारांतूनही. म्हणून वीज दुप्पट झाली की पीळ साधारण चौपट होई. खचाखच भरलेली गाडी जागची हलवावयास ह्याहून सोयीचे काय? पण ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात, देखरेख लागते. २०१६ पर्यंत मुंबईच्या सर्व उपनगरी मार्गांवरून ती १५०० व्होल्टची वीज गेली, आणि २००७ पासून येऊ लागलेल्या गाड्यांतून मोटरीही निराळ्या जातीच्या आल्या. त्या जातीच्या, जिची आमची मिक्सरची मोटर होती.

त्या जातीस इंडक्शन मोटर म्हणतात. इटलीत तुरिन येथे फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला या दोघांनी १८८८ साली तिची कल्पना जगापुढे मांडली. आणि बर्लिनमध्ये काम करणाऱ्या दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरने लगेच १८८९ साली तिला आजचे तीन फेजचे, पिंजऱ्याचे रूप दिले. दोन वर्षांनी, १८९१ साली, लाउफेनच्या धरणावरची वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आणून तेथे एक कृत्रिम धबधबा चालवून दाखवला, तेव्हा लोकांस पटले की विजेचे यंत्र गावापासून लांब आणि मोटर दारात, असे चालू शकते.

या मोटरीच्या पोटात काय आहे ते पाहू. बाहेरच्या स्थिर कड्यात तारांची तीन गुंडाळी वर्तुळात वाटून बसवलेली असतात. तीन फेज म्हणजे तीन विजा, एकीमागून एक भरतीस येणाऱ्या. कल्पना करा, तुम्ही चौकाच्या मध्यावर उभे आहात आणि तीन कोपऱ्यांवरून तीन मित्र पाळीपाळीने तुम्हांस हाक मारीत आहेत. ते जागचे हलत नाहीत. पण तुमची मान गोल फिरत राहते. तसेच गुंडाळी हलत नाहीत, पण त्यांचे चुंबकत्व गोल फिरते. आपल्याकडे वीज सेकंदास ५० हेलकावे खाते; चार ध्रुवांच्या मोटरीत हे चुंबकत्व मिनिटास १५०० फेरे करते.

आत फिरणारा जो भाग, त्यात बाहेरून वीज आणलेलीच नसते! लोखंडी लाटण्याच्या खाचांत अॅल्युमिनियमच्या कांबी आणि दोन्ही टोकांस त्यांना जोडणारी दोन कडी, बस. पिंजऱ्यासारखे दिसते म्हणून पिंजरा म्हणतात. बाहेरचे चुंबकत्व या कांबींवरून सरकत जाते, त्यामुळे कांबींत आपोआप वीज उत्पन्न होते. वीज आली की फॅरडेच्या तारेप्रमाणे कांब ढकलली जाते, आणि पिंजरा चुंबकत्वाच्या मागे धावू लागतो.

आणि आता मर्म येते. पिंजऱ्याने चुंबकत्वास गाठले तर काय होईल? दोघेही सारख्याच वेगाने पळू लागले, म्हणजे कांबींवरून चुंबकत्व सरकणार नाही. सरकले नाही तर वीज नाही. वीज नाही तर पीळ नाही. म्हणून पिंजरा कधीच गाठत नाही. पाटीवर १५०० न लिहिता १४६० लिहिलेले असते ते यासाठी. मिनिटास ४० फेऱ्यांचे हे मागे पडणे हा मोटरीचा दोष नव्हे. पीळ त्यातूनच जन्मतो. यास स्लिप म्हणतात. मोकळी मोटर १४९५ च्या आसपास पळते, कारण तिला पीळ जवळजवळ लागतच नाही. ओझे आले की ती थोडी मंदावते. मंदावली की चुंबकत्व कांबींवरून अधिक झपाट्याने सरकते. अधिक वीज, अधिक पीळ. आणि ओझ्याइतका पीळ झाला की ती तेथे स्थिरावते. कोणी सांगावे लागत नाही. दहा किलोचा पीळ मागितला तर दहाचा देते, पंधराचा मागितला तर थोडी आणखी मंदावून पंधराचा देते. अशी ती पूर्ण ओझ्याच्या साधारण अडीच पटीपर्यंत ताणू शकते. त्यापलीकडे मात्र ओढलीत, तर मंदावण्याबरोबर पीळ वाढण्याऐवजी घटू लागतो, आणि मोटर पाहतापाहता अडते.

वीज जाण्यापूर्वीचे कोडे येथे सुटले. मिक्सर फिरत होता, वाळू वाहती होती, आणि एखादा गोळा आडवा आलाच तर मोटरीच्या पदरी अडीच पट पीळ शिल्लक होता. शिवाय फिरत्या चाकांचा स्वतःचा जोर होता तो वेगळाच.

आता वीज आल्यावरचे.

थांबलेल्या मोटरीचे दुखणे निराळे. पिंजरा स्थिर आणि चुंबकत्व पूर्ण वेगाने सरकते आहे. म्हणून वीज भयंकर येते, पाटीवरच्या सहापट. आमच्या मोटरीत सुमारे १७० अँपिअर. साहजिक वाटते की पीळही सहापट मिळावा. मिळतो साधारण दुप्पटच. का? झोपाळ्यावर मूल बसले आहे आणि तुम्ही झोका देता आहात. धक्का बरोबर वेळी दिला तर थोड्यात काम होते, अवेळी दिला तर ताकद वाया जाते. स्थिर पिंजऱ्यातील वीज सेकंदास ५० हेलकावे खाते आणि भोवतालच्या लोखंडामुळे ती उशिरा पोहोचते. ज्या कांबीत वीज भरास येते तेथून चुंबकत्वाचा भर पुढे निघून गेलेला असतो. वीज पुष्कळ, पण अवेळी. ती पुष्कळ वीज तारा मात्र तापवतेच, आणि तापवण्याचा हिशेब वर्गाचा आहे: सहापट विजेला छत्तीसपट उष्णता. त्यात मोटरीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला, म्हणजे तोही थांबलेला.

इतकी वीज एकदम ओढली तर शेजारपाजारचे दिवे मंदावतात. म्हणून मोठ्या मोटरीस स्टार-डेल्टा नावाचा स्टार्टर लावतात. तो पहिली काही सेकंदे गुंडाळ्यांची जोडणी अशी करतो की प्रत्येकीवर ४१५ ऐवजी २४० व्होल्टच यावेत. त्यामुळे लाइनवरची वीज एक तृतीयांश होते. ही गोष्ट सगळे सांगतात. पीळदेखील एक तृतीयांश होतो, हे कोणी सांगत नाही. सुरुवातीचा पीळ दुप्पट, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे पूर्ण ओझ्याच्या दोन तृतीयांश. मोकळा पंप, मोकळा पंखा याने खुशाल सुरू होईल. भरलेला मिक्सर?

आणखी एक आकडा राहिला. वीज नुकतीच परतली की त्या लाइनवरचा प्रत्येक कारखाना एकदम मोटरी सुरू करतो, आणि दाब बसतो. वायरमनकाकांनी पुढे अशाच एका दुपारी वीज परतल्यावर मोजला: ३४० व्होल्ट. म्हणजे ४१५ च्या ८२ टक्के. दाब इतका घटला तर पीळही ८२ टक्के व्हावा, असे वाटेल. तसे नाही. दाब कमी म्हणजे बाहेरचे चुंबकत्व कमी. आणि चुंबकत्व कमी म्हणजे त्यातून उत्पन्न होणारी कांबींतील वीजही कमी. पीळ दोहोंचा गुणाकार, म्हणून दोनदा कापला जातो: ८२ टक्क्यांचे ८२ टक्के, म्हणजे ६७. ज्यांच्या विहिरीवर पंप आहे त्या शेतकरी बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. दाब कमी असताना पंप अडतो तो ह्या दुहेरी कात्रीने.

करा हिशेब. दोन तृतीयांशाचे ६७ टक्के, म्हणजे पूर्ण ओझ्याच्या पिळाचे ४५ टक्के. मीटरभर दांड्यावर साडेचार किलो. आणि समोर काय? वीस मिनिटे बसून दडपलेली ओली वाळू, तीत रुतलेली दोन जड चाके. वाहत्या वाळूतून चाक ओढणे आणि रुतलेले चाक उपसून काढणे यातला फरक बैलगाडी हाकलेल्यास सांगावयास नको.

काही सेकंदांनी स्टार्टर आपण होऊन डेल्टावर गेला. तेथे पीळ तिप्पट. पण दाब बसलेलाच. त्यात पाचपट वीज ओढली जाऊ लागल्याने कारखान्याच्या आतल्या लांब केबलमध्ये तो आणखी बसला. मिक्सर सुटला नाही. पाचपट विजेने मोटर पंचवीसपट तापत राहिली. एकदा नव्हे, तीनदा, मध्ये निवू न देता.

पण हे सारे होत असताना मोटर बंद पाडण्यासाठी एक राखणदार ठेवलेला असतो, त्याचे काय झाले? स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले हा तो राखणदार. ठरावीक आकड्याहून अधिक वीज गेली की त्यातील पट्टी तापून वाकते आणि वीज तोडते. आमच्या मोटरीच्या रिलेचा काटा २८ वर होता; पाटीवर २८, रिलेवर २८. बरोबर वाटते ना? आम्हांसही वाटले. वायरमनकाकांनी मात्र तारा माग काढून पाहिल्या आणि कपाळास हात लावला. रिले लाइनवर नव्हता. डेल्टाच्या आत, एकेका गुंडाळीच्या वाटेवर होता. तेथून लाइनच्या ५८ टक्केच वीज जाते. काटा १६ वर हवा होता. त्या दुपारी गुंडाळीतून साधारण ८० अँपिअर जात असावेत. १६ वर लावलेल्या रिलेच्या दृष्टीने ती पाचपट, तो चटकन तुटला असता. २८ वरच्या रिलेच्या दृष्टीने तिप्पटदेखील नव्हे; तो बसला विचार करीत, तोवर फोरमनने हात काढून घ्यावयास सांगितले आणि पुन्हा बटण.

रिलेचा काटा मिक्सरवरचा मुलगा लावत नाही. त्या पेटीची किल्लीही त्याच्याकडे नसते.

चौकशी अधिकाऱ्यांपुढे आम्ही वही उघडली. पगार देण्यासंबंधी तेव्हा लागू असलेला १९३६ चा कायदा नुकसानीपोटी पगार कापावयास देत होता. पण ते नुकसान थेट त्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, ही अटही घालत होता. आम्ही दोनच प्रश्न विचारले. वाळू जास्त होती तर वीज जाण्यापूर्वी मिक्सर कसा फिरत होता? आणि रिले २८ वर कोणी लावला? पहिल्या प्रश्नावर फोरमन म्हणाला, तेव्हा दाब चांगला असेल. आम्ही म्हटले, तेच आमचे म्हणणे आहे. दुसऱ्या प्रश्नास उत्तर आले नाही. अधिकारी स्वतः इंजिनिअर होते. त्यांनी आमची वही मागून घेतली, ४५ टक्क्यांचा हिशेब दोनदा तपासला आणि, हे सांगितलेच पाहिजे, एके ठिकाणी आमचा दशांशचिन्हाचा घोळ निस्तरूनही दिला. कपात रद्द झाली. मुलाला मात्र त्या हंगामानंतर कामावर घेतले नाही. तो कायम नव्हता, म्हणून त्यास कारण देण्याचीही गरज कोणास वाटली नाही. हा भाग आम्ही हरलो.

आज अशा ठिकाणी फ्रीक्वेन्सी बदलणारे ड्राइव्ह बसवतात. ते दाबाबरोबर हेलकाव्यांची संख्याही खाली आणतात. चुंबकत्व सुरुवातीस सावकाश फिरते, पिंजरा त्याच्या जवळून पळतो, वीज वेळेवर पोहोचते आणि थोड्या विजेत पूर्ण ओझ्याच्या दीडपट पीळ मिळू शकतो. रस्त्यावरची विजेची स्कूटर सिग्नल सुटताच झेप घेते तीही वीज आणि चुंबकत्व यांची वेळ अशीच इलेक्ट्रॉनिक्सने सांभाळल्यामुळे. पण लहान फाउंड्र्यांत, पिठाच्या गिरण्यांत, ऊस पिळण्याच्या चरकांवर जुने स्टार्टर पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मागे ठेवली होती. फोरमनने मिक्सर आधी रिकामा का करू दिला नाही? कारण चालू मिक्सर बाजूचे दार उघडले की आपोआप रिकामा होतो. थांबलेला मात्र माणसाने आत उतरून फावड्याने उपसावा लागतो. त्यास अर्धा तास जातो. अर्ध्या तासाचे साचे वाचवावयास मोटर गेली.

आणि आत उतरणे सोपे नसते. वर आम्ही मोटरीचे कौतुक केले की, ओझे वाढले की ती न सांगता पीळ वाढवते. ते ओझे वाळूचे आहे की माणसाच्या हाताचे, हे तिला कळत नाही. पट्ट्यात बोटे सापडली तर ती दचकून थांबेल असे पुष्कळांस वाटते. गिअरबॉक्सच्या पुढे ४८० किलोचा पीळ असलेल्या यंत्राला मनगट म्हणजे मिनिटास दोनचार फेरे मंदावण्याइतकेही ओझे नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २१ व्या कलमात फिरत्या भागांस मजबूत आवरण असावे असे घातले ते याचसाठी. आणि मिक्सरच्या झाकणास असलेला स्विच, झाकण उघडले की मोटर बंद करणारा, कामाच्या घाईत तारेने बांधून ठेवलेला आम्ही आमच्या डोळ्यांनी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे.

त्या फाउंड्रीत आम्ही नंतर एवढेच मागितले: मिक्सर भरलेला असताना वीज गेली तर तो उपसल्यावाचून सुरू करावयाचा नाही, आणि उपसावयास जो आत उतरेल त्याने मेन स्विच पाडून स्वतः कुलूप लावावे, कुलपास एकच किल्ली असावी, आणि ती वर आल्याखेरीज त्याच्या खिशातून निघू नये. पहिली मागणी महिन्यात मान्य झाली. दुसरीस दोन वर्षे लागली. कुलूप आम्ही युनियनच्या वर्गणीतून आणून दिले होते.